अपघात आणि प्रमाद : रस्त्यावरील अहिंसेचा विचार

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होणे हा जसा कृतज्ञतेचा प्रसंग आहे, तसाच तो आत्मपरीक्षणाचाही प्रसंग आहे. धर्म, शिक्षण, औषधदान, जीवदया या विषयांचे चिंतन अशा व्यासपीठावरून नेहमीच होत असते. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र मंदिराची पायरी उतरल्यावर सुरू होतो. दर्शन घेऊन श्रावक बाहेर येतो, पादत्राणे घालतो, गाडीची किल्ली हाती घेतो, आणि त्या क्षणापासून स्वतःच्या व इतरांच्या प्राणांची जबाबदारी त्याच्याकडे येते. ही जबाबदारी तो किती गांभीर्याने पाळतो, हा आजचा प्रश्न आहे.

भूकंपाने शिकविलेला धडा

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्याला विसरता येणार नाही. अनंत चतुर्दशीचे गणेश विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि उमरगा परिसरातील सास्तूर, माकणी यांसारखी गावे तसेच शेजारच्या औसा तालुक्यातील किल्लारी उद्ध्वस्त झाली. शासकीय नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसे त्या एका पहाटे गेली. पुढे तज्ज्ञांनी पाहणी केली, तेव्हा मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माळवदावरील मातीचे ओझे यांनी बहुतेकांचे प्राण घेतल्याचे स्पष्ट झाले. कारण समजले म्हणून उपायही सापडला. पुनर्वसित गावे वेगळ्या पद्धतीने बांधली गेली.

आता दुसरी नोंद पाहावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात रस्ते अपघातांत १५,२२४ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. म्हणजे एका वर्षात जवळजवळ दोन किल्लारी. भूकंपानंतर साऱ्या देशातून मदत धावून आली. रस्त्यावर मात्र हे मृत्यू रोज चाळीस-बेचाळीस असे विखुरलेले येतात, म्हणून त्यांचा आवाज होत नाही. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते, दशक्रिया होते, आणि सांत्वनाला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलून उठतो : "त्याचे आयुष्यच तेवढे होते."

जैन समाजात या वाक्याला कर्मसिद्धांताचा आधार दिला जातो. आयुकर्म संपले, त्याला कोण काय करणार, असे म्हटले जाते. परंतु शास्त्रकारांनी अपवर्त्य आयुष्याची संकल्पना स्पष्टपणे मांडली आहे. विष, शस्त्र, अग्नी अशा बाह्य निमित्तांनी सामान्य मनुष्याचे आयुष्य मध्येच छेदले जाऊ शकते. त्यालाच कदलीघात मरण म्हटले आहे. बाह्य निमित्त मान्य केले की ते टाळण्याचा पुरुषार्थही मान्य करावा लागतो. अपघाताला कारणे असतात आणि ती बहुतांशी माणसाच्या हातातील असतात. या एका विधानाभोवतीच पुढील सर्व विवेचन आहे.

चार मोठ्या रस्त्यांचा जिल्हा

धाराशिव जिल्हा, म्हणजे २०२३ पर्यंतचा उस्मानाबाद जिल्हा, हा रस्त्यांवर जगणारा जिल्हा आहे. सोलापूर-हैदराबाद महामार्ग, जुना क्रमांक ९ व आताचा ६५, नळदुर्ग, जळकोट, उमरगा या मार्गाने जातो. सोलापूर-धुळे महामार्ग, जुना २११ व आताचा ५२, तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा असा बीडकडे जातो. तुळजापुरातून औसा-लातूर-नांदेडकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग सुरू होतो. लातूर-बार्शी रस्ता ढोकी व येडशीवरून जातो. परराज्यांतील अवजड मालवाहतूक, तुळजापूरचे यात्रेकरू, आठवडी बाजाराला निघालेला शेतकरी, साखर कारखान्याकडे जाणारा ऊस आणि शाळेतून परतणारी मुले या सर्वांची वाट एकच आहे.

पूर्वी हे रस्ते अरुंद होते, त्यामुळे वेगही बेताचा होता. चौपदरीकरण झाले, प्रवासाचा वेळ वाचला, व्यापार वाढला. ही प्रगती स्वागतार्हच आहे. पण रस्ता बदलला त्या मानाने रस्त्यावरील माणूस बदलला नाही. ज्या ठिकाणी बैलगाडी रस्ता ओलांडत होती, त्याच ठिकाणी ती आजही ओलांडते. फरक एवढाच की समोरून येणारे वाहन आता तिप्पट वेगाने येते.

देशाचे चित्रही याहून वेगळे नाही. २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे दगावली. तासाला एकोणीस. राष्ट्रीय महामार्गांची लांबी एकूण रस्त्यांच्या सुमारे दोन टक्के, पण मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के त्यांच्यावर झाले. मृतांमध्ये दुचाकीस्वार सुमारे ४४ टक्के आणि पादचारी जवळजवळ २० टक्के होते. म्हणजे रस्त्यावर मरणाऱ्यांत बहुसंख्य लोक मोटारीतले नसतात. ज्याच्याभोवती पत्र्याचे कवचही नाही, असा सामान्य मनुष्यच बळी पडतो.

आणखी एक नोंद विचार करायला लावणारी आहे. सुमारे दोन-तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर झाले. घाट, वळण, उतार येथे चालक सावध असतो. सरळ, रुंद, गुळगुळीत रस्त्यावर त्याची सावधानता सुटते.

चार हात भूमी

मुनिराजांच्या पाच समित्यांपैकी पहिली ईर्या समिती. दिवसाच्या प्रकाशात, रुळलेल्या वाटेने, गडबड न करता, पुढील चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे, असा तिचा विधी आहे. चार हात म्हणजे सुमारे सहा फूट. पायी चालणाऱ्याला एवढे अंतर पुरते, कारण जीव दिसताच तो त्याच पावलावर थांबू शकतो. पाहिलेल्या जागेच्या आत थांबता आले पाहिजे, हे या विधीचे मर्म आहे.

हेच मर्म वाहनाला लावून पाहावे. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सामान्य चालकाला एक ते दीड सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी त्याच वेगाने पुढे जात असते. त्यानंतर ब्रेक लागून ती थांबेपर्यंतचे अंतर वेगळे. कोरडा डांबरी रस्ता आणि उत्तम ब्रेक धरूनही ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला थांबण्यास सुमारे २५ मीटर लागतात. ताशी ६० ला सुमारे ४५ मीटर, ८० ला सुमारे ७० मीटर, आणि १०० ला जवळजवळ १०० मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते आणि धडकेची शक्तीही चौपट होते. पावसाने ओला रस्ता, गुळगुळीत झालेले टायर, मालाने भरलेला ट्रक असेल तर हे अंतर आणखी वाढते.

आता रात्रीचा विचार करावा. डिपरच्या प्रकाशात साधारण चाळीस-पन्नास मीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नाही. त्या प्रकाशात ताशी ८० ने गाडी चालविणारा मनुष्य दिसणाऱ्या जागेच्या आत थांबूच शकत नाही. तो डोळे उघडे ठेवून आंधळेपणाने चालला आहे. अशा वेळी पुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असेल, बसलेले जनावर असेल किंवा बंद पडलेला ट्रक असेल, तर त्यानंतर जे घडते त्याला दैवयोग म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे.

२०२२ च्या देशातील एकूण अपघाती मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावे नोंदले गेले. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उलट बाजूने वाचले तर हेच वाक्य आशादायक आहे. वेग थोडासा कमी केला तरी पुष्कळ जीव वाचतात. येडशी ते तुळजापूर हे अंतर ८० ऐवजी ७० च्या वेगाने कापले, तर जास्तीचा वेळ काही मिनिटांचाच लागतो.

पंधरा प्रमाद

तत्त्वार्थसूत्रात उमास्वामी आचार्यांनी हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताच्या आधी प्रमाद ठेवला आहे. प्रमादयुक्त प्रवृत्तीने होणारा प्राणघात ती हिंसा. प्रवचनसारात कुंदकुंद आचार्य याच्याही पुढे जातात. जीव मरो अथवा न मरो, अयत्नाने वागणाऱ्याला हिंसा निश्चित लागते, आणि यत्नपूर्वक वागणाऱ्याला केवळ बाह्य घाताने बंध होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे ज्याच्या गाडीखाली आजवर कोणी आले नाही, पण जो नेहमी बेपर्वाईने गाडी हाकतो, तो निर्दोष ठरत नाही. त्याचा अपघात केवळ अद्याप झालेला नाही.

शास्त्रात प्रमादाचे पंधरा भेद सांगितले आहेत : चार विकथा, चार कषाय, पाच इंद्रिये, निद्रा आणि स्नेह. पोलिसांच्या पंचनाम्यातील कारणे या यादीशेजारी ठेवली तर ती फारशी वेगळी दिसत नाहीत.

विकथा म्हणजे निरर्थक गप्पा. भोजनकथा, राजकथा आज मोबाईलवर चालतात. ताशी ८० च्या वेगात तीन सेकंद मोबाईलकडे पाहिले, तर गाडी सुमारे ६७ मीटर न पाहता पुढे जाते. फोन कानाला न लावता बोलले तरी मन दुसरीकडे असतेच.

कषायांची उदाहरणे द्यायला नकोत. कोणी पुढे गेला म्हणून त्याला गाठण्याचा क्रोध, मोठ्या गाडीचा मान, एक किलोमीटरचा वळसा चुकविण्यासाठी चौपदरी रस्त्यावर उलट दिशेने जाण्याची माया, आणि एका खेपेत दोन खेपांचा माल भरण्याचा लोभ. शेवटचे दोन कषाय व्यापारी समाजाने विशेष तपासावेत. क्षमतेपेक्षा अधिक माल भरलेल्या वाहनाचे ब्रेक कमी पडतात, टायर तापून फुटतात, वळणावर तोल जातो. भाड्यात वाचलेले रुपये दुकानाच्या वहीत दिसतात, रस्त्यावरचा मृत्यू त्या वहीत दिसत नाही.

इंद्रियांमध्ये मद्यपान, केबिनमधील कर्णकर्कश गाणी आणि मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगाही ऐकू न येणे हे सारे येते. कायद्यानुसार १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यांश आढळल्यास तो गुन्हा आहे.

निद्रा हा प्रमाद मात्र निर्व्यसनी समाजालाही सोडत नाही. सतरा-अठरा तास सलग जागलेल्या माणसाची सावधता १०० मिलिलीटर रक्तात सुमारे ५० मिलिग्रॅम मद्यांश असलेल्या माणसाइतकी खालावते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. म्हणजे थेंबही न घेता तो कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. तीर्थयात्रेच्या सहली आखताना "रात्री प्रवास, दिवसा दर्शन" अशी आखणी अभिमानाने केली जाते. यात्रेकरू बसमध्ये झोपतात, चालक मात्र सलग दुसरी वा तिसरी रात्र जागत असतो. पहाटे दोन ते पाच ही वेळ झोपेला सर्वाधिक अनुकूल आणि म्हणून सर्वाधिक धोक्याची. खरेदीसाठी सोलापूर, पुणे येथे जाऊन दुकान उघडण्याच्या वेळेपर्यंत परतण्याची सवयही याच सदरात येते. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ ने चालकाच्या कामाचे तास दिवसाला आठ ठरविले होते. घरच्या गाडीवरील चालकाला असा कायदा लागू असो वा नसो, त्याच्या शरीराला झोपेचा नियम लागू आहेच.

स्नेह हा शेवटचा प्रमाद सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत घातक. दहावीत चांगले गुण मिळाले म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देणारा पिता प्रेमानेच देतो. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. परंतु कायद्याच्या भीतीपेक्षा एक साधा विचार पुरेसा आहे. ज्या मुलाच्या हाती तिजोरीची किल्ली दिली जात नाही, त्याच्या हाती स्वतःचा व दुसऱ्याचा जीव दिला जातो.

कवच आणि पट्टा

२०२२ मध्ये देशात ५०,०२९ दुचाकीस्वार हेल्मेट नसताना मरण पावले. त्यांतील १४,३३७ मागे बसलेले होते. "गावातल्या गावात कशाला", "केस गळतात", "मागच्याला काय गरज" ही उत्तरे सर्वत्र ऐकू येतात. नव्या गाडीला हार घालून मंदिरापुढे आणणारे कुटुंब गाडीसोबत दोन हेल्मेट घेण्यास मात्र तयार नसते. महिलांनी साडीचा पदर वा ओढणी चाकात जाणार नाही, अशी खोचून बसणे हाही साधा पण जीव वाचविणारा नियम आहे.

मोटारीतील पट्ट्याविषयी मराठवाड्याला वेगळे सांगावे लागू नये. ३ जून २०१४ रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे दिल्लीत अपघाती निधन झाले. ते मागील आसनावर होते. मागे बसणाऱ्याने पट्टा बांधलाच पाहिजे, हा धडा त्या वेळी देशाने ऐकला आणि विसरला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागील आसनांवरील दोघे पट्टा न बांधलेले होते, ते दगावले. पुढील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. धडकेच्या क्षणी गाडी थांबते, पण आतील माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो, हा निसर्गनियम मंत्री, उद्योगपती आणि सामान्य प्रवासी यांत भेद करीत नाही. आसनपट्ट्यामुळे मोटारीतील व्यक्तीच्या मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होतो.

रस्ता, वाहन आणि व्यवस्था

सारा दोष चालकावर टाकून व्यवस्थेला मोकळे सोडणेही न्यायाचे होणार नाही. अतिवेग एवढे एकच कारण लिहिले की पुढील चौकशी थांबते. रंग न दिलेला गतिरोधक, सूचनाफलकाविना अर्धवट सोडलेले काम, पेट्रोलपंप वा ढाब्यासाठी फोडलेला दुभाजक, गावाजवळ भुयारी मार्ग नसल्याने महामार्ग ओलांडणारी शाळकरी मुले, या कारणांना पंचनाम्यात जागा मिळत नाही. ज्या पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात होतात किंवा एकूण दहा मृत्यू होतात, त्यास महामार्ग यंत्रणा अपघातप्रवण स्थळ मानते. ती व्याख्या पूर्ण होईपर्यंत वाट पाहणे म्हणजे दहा प्रेते मोजणे होय. गावकऱ्यांनी, व्यापारी संघांनी आणि धार्मिक संस्थांनी त्याआधीच जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे लेखी पाठपुरावा करावयास हवा.

गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे चाललेल्या दिसतात. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर मातीने माखलेला. खरिपाच्या शेवटी सोयाबीनच्या राशी रस्त्यावरच वाळत घातल्या जातात आणि भोवती दगड मांडले जातात. रास उचलली तरी दगड तसेच राहतात. आडतीवर धान्य घेणाऱ्या व्यापाऱ्याने शेतकरी बांधवाला दोन शब्द प्रेमाने सांगितले, ट्रॉलीवर स्वखर्चाने तांबडी परावर्तक पट्टी चिकटवून दिली, तर तो खर्च शंभर-दीडशे रुपयांपलीकडे जात नाही. त्या पट्टीने वाचलेला जीव कोणाचा, हे कधीच कळणार नाही. गुप्तदानाचे याहून चांगले उदाहरण कोणते?

विहार आणि पदयात्रा

धाराशिवच्या लेण्या, तेर आणि कुंथलगिरी यांमुळे या जिल्ह्यात जैन धर्माची परंपरा प्राचीन आहे. भूम तालुक्यातील कुंथलगिरी ही देशभूषण-कुलभूषण मुनींची निर्वाणभूमी, आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी आचार्य शांतिसागर महाराजांनी याच क्षेत्रावर सल्लेखनापूर्वक देह ठेवला. आचार्यश्रींनी ज्या काळात दक्षिणेतून उत्तरेपर्यंत पायी विहार केला, त्या काळात वाटेवर बैलगाड्या अधिक आणि मोटारी विरळ होत्या. आज मुनिसंघ, आर्यिका माता आणि साधु-साध्वी यांना त्याच वाटेने, पण भरधाव वाहनांच्या शेजारून चालावे लागते. देशात विहारातील त्यागीजनांना वाहनांनी धडक दिल्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत.

विहार थांबणार नाही, म्हणून व्यवस्था सुधारली पाहिजे. सोबतच्या श्रावकांनी घोळका करून अर्धा रस्ता व्यापू नये. समोरून येणारे वाहन दिसावे म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने, एकामागे एक चालावे. पुढे व मागे चालणाऱ्या स्वयंसेवकांनी चमकणारी जाकिटे घालावीत. मागील वाहन पुरेसे अंतर ठेवून, चारही इशारादिवे लावून यावे. सूर्योदयानंतरच पाऊल उचलण्याचा शास्त्राचा नियम सोयीसाठी शिथिल करण्याचा आग्रह श्रावकांनी धरू नये. तो नियम सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी आहे आणि आज तो त्यागीजनांच्याही रक्षणाचा ठरला आहे. शक्य तेथे महामार्ग सोडून जुन्या गाववाटा निवडाव्यात आणि मोठ्या विहाराची आगाऊ सूचना पोलीस ठाण्यास द्यावी.

नियोजनाने काय साधते, याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. आश्विन पौर्णिमेला सोलापूर आणि कर्नाटकातून असंख्य भाविक पायी तुळजापूरला येतात. त्या दिवसांत सोलापूर-तुळजापूर हा सुमारे ४५ किलोमीटरचा मार्ग प्रशासन वाहनांसाठी बंद करते आणि वाहतूक अन्य मार्गांनी वळविते. माणसांना वाट मिळावी म्हणून महामार्ग बंद ठेवता येतो, हे तेथे दरवर्षी सिद्ध होते.

याच संदर्भात एक नाजूक गोष्टही बोलली पाहिजे. रात्रिभोजनाचा त्याग असलेले श्रावक सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचण्यासाठी सायंकाळी गाडीचा वेग वाढवितात. संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांतच देशातील सुमारे एक-पंचमांश अपघात होतात. उजेड सरत असतो, दिवे लागायचे असतात, जनावरे व माणसे घरी परतत असतात. सूक्ष्म जीवांच्या दयेसाठी घेतलेले व्रत पाळताना पंचेंद्रिय मनुष्याचा घात होण्याची वेळ येऊ नये. अर्धा तास आधी निघावे, वाटेतच डबा उघडावा, तेही न जमले तर त्या रात्री उपाशी राहावे. व्रताचे तेज त्याने उणावत नाही, उलट वाढते.

अपघातानंतरचा तास

अपघात झाल्यावर पहिल्या तासात योग्य उपचार मिळाले तर अनेक जखमी वाचतात. तरीही गर्दी चित्रीकरण करते आणि शहाणा माणूस पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने गाडी पुढे नेतो. ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी जखमींना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ समाविष्ट झाले. मदत करणाऱ्यास नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, त्याला रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक आहे. मे २०२५ पासून केंद्र शासनाच्या योजनेनुसार अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचाराची तरतूद झाली आहे. जखमीला उचलताना मान व पाठ वाकू देऊ नये, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, एवढे तीन नियम प्रत्येकाने पाठ करावेत.

जो समाज पांजरपोळात जखमी गाईची सेवा करतो आणि पक्ष्यांसाठी पाणी ठेवतो, त्या समाजाचे वाहन रस्त्यावर विव्हळणाऱ्या माणसाला ओलांडून पुढे जात असेल, तर जीवदयेचा अर्थ पुन्हा शिकावा लागेल.

सुवर्णमहोत्सवी संकल्प

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबाने काही नियम घ्यावेत. चातुर्मासात जसा हरी भाजीचा वा एकाशनाचा नियम घेतला जातो, तसाच हाही असावा. घरातील प्रत्येक दुचाकीमागे दोन हेल्मेट असावीत. मोटारीत पुढे-मागे सर्वांनी पट्टा बांधल्याशिवाय गाडी सुरू करू नये. परवाना मिळेपर्यंत मुलांच्या हाती किल्ली देऊ नये. वाहन चालविताना मोबाईलचे मौन पाळावे. रात्री बारा ते पहाटे पाच प्रवासाचा त्याग असावा. संस्थांनीही तीर्थयात्रेची बस ठरविताना दोन चालक, रात्रीचा मुक्काम आणि वाहनाची तपासणी या अटी लेखी घालाव्यात, पाठशाळेच्या अभ्यासक्रमात ईर्या समितीच्या पाठाला जोडून रस्त्याचे नियम शिकवावेत, आणि मंदिराच्या आवारात वर्षातून एकदा प्रथमोपचाराचे शिबिर भरवावे.

यांपैकी एकाही नियमाला मोठा निधी लागत नाही. लागते ती केवळ जागृती. पाणी गाळून पिणे, पाहून पाऊल टाकणे, ठेवताना-उचलताना जपणे ही या समाजाची शतकानुशतकांची सवय आहे. तीच सवय पायाखालून चाकाखाली नेली, तर अहिंसेचे आचरण मंदिराच्या पायरीवर संपणार नाही. घरी वाट पाहणाऱ्या प्रत्येक मातेला सायंकाळी दारात गाडीचा आवाज ऐकू यावा, हीच या सुवर्णमहोत्सवाची खरी फलश्रुती ठरेल.

जय जिनेंद्र!